गराड्यातून काढलेला सेनापती

माझं शेवटचं पोस्टिंग सिंगापूर. हे आर्मीने दिलेलं नाही, सुनेने दिलेलं आहे. पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली होती. बायको गेल्यावर मी साताऱ्याच्या घरात एकटाच परेड करत होतो. एक दिवस मृणालचा फोन आला, "बाबा, तुमचा लाँग टर्म व्हिजिट पास झालाय. तिकीट पाठवतेय." हुकूम म्हणजे हुकूम. बॅग भरली आणि रिपोर्ट केला.

बुकित तिमाहला आमचा कॉन्डो आहे. तीन टॉवर, मधे स्विमिंग पूल, गेटवर गार्ड. मुलगा जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये इंजिनियर आहे. उजाडायच्या आत गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जातो, परत येतो तेव्हा बोलायच्या अवस्थेत नसतो. मृणाल आयटीत मॅनेजर आहे आणि घरची कमांडिंग ऑफिसर. नात इरा दहा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, शेपटाला एक सिंगापुरी 'ला' लावून. माझी ड्यूटी सोपी होती. इराला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, भाजी आणायची आणि दिवसभर कुणाच्या पायात यायचं नाही. पायदळात सुभेदार होऊन बाहेर पडलेल्या माणसाला ही ड्यूटी म्हणजे शिक्षाच होती, पण तक्रार कुणाकडे करणार? सीओच घरात.

शिन मला पूलभोवती चालताना भेटला. भेटला म्हणजे दिसला. माझ्याच वयाचा, किडकिडीत, पाठ सरळ, हात मागे. कोपऱ्यावर आला की वळायचा तो असा वळायचा की मी जागच्या जागी ओळखलं. सिव्हिलियन माणूस कोपऱ्यावर गोल वळतो. हा टाच टेकवून वळला. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्या बुटांकडे बघितलं. बूट चकचकीत होते, अजूनही असतात.

"आर्मी?" तो म्हणाला.

"आर्मी. इन्फंट्री."

"मी पण."

तो कोरियाच्या सैन्यात मास्टर सार्जंट होता, लेकीकडे राहायला आला होता. त्याचं इंग्रजी लंगडं, माझंही लंगडं, पण दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बरे चालतात. त्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी बरोबर चालायला लागलो. बोलायचो कमी. जवानांना काय शिव्या देता, राशनला काय मिळायचं, थंडीत पायाची बोटं कशी वाचवायची, असलेच विषय. मला तो माणूस फार आवडला.

दिवाळी जवळ आली तशी कॉन्डोतल्या मराठी पोरांची गडबड सुरू झाली. इथली मराठी कुटुंबं दर दिवाळीला मुलांकडून मातीचे किल्ले करून घेतात. टॉवर ए, बी आणि सी, प्रत्येकाचा एक किल्ला, बार्बेक्यूच्या शेडखाली, पाडव्याला परीक्षण. आमचा टॉवर बी. टॉवर सीच्या प्रमुख जोगळेकर काकू, पुण्याच्या, आणि त्यांच्या टॉवरने सलग दोन वर्षं पहिला नंबर नेलेला. इरा घरी येऊन म्हणाली, "आजोबा, धिस इयर वी मस्ट विन ला."

मी आर्मीत सँड मॉडेल बनवायचो. सिव्हिल लोकांना सांगतो, हल्ला करायच्या आधी सगळा मुलूख जमिनीवर छोटा करून मांडतात. टेकडी, नाला, पायवाट, शत्रूचं मोर्चेबंदीचं ठिकाण, सगळं. जवान त्याभोवती बसतात आणि कमांडर काठीने दाखवून ऑर्डर देतो. माझ्या मॉडेलवर ब्रिगेडियर साहेब खूश होऊन रमची बाटली देऊन गेलेले आहेत. तेव्हा मी नातीला सांगितलं, काळजी करू नकोस, टॉवर सीची वाट लावतो.

ही बातमी मी शिनला दिली तर तो हसला नाही. त्या आठवड्यात तो गप्पच होता. मी खोदून विचारलं तेव्हा स्विमिंग पूलच्या कडेला बसून त्याने सगळं सांगितलं.

त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष एक सेनापती होता. अकराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कोरियात तीन राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली. सिल्ला जुनं आणि खंगलेलं, बेक्जे नव्याने उभं राहिलेलं आणि आक्रमक, आणि उत्तरेला कोर्यो. बेक्जेने सिल्लाच्या राजधानीवर धाड घातली, तिथला राजा मेला. कोर्योचा राजा मदतीला घोडदळ घेऊन धावला आणि कोंगसान नावाच्या डोंगराशी बेक्जेच्या गराड्यात सापडला. सुटायला वाट नाही. तेव्हा या शिन सेनापतीने राजाचं चिलखत अंगावर चढवलं, राजाच्या रथात बसला आणि शत्रूच्या तोंडावर रथ घातला. शत्रूला वाटलं, हाच राजा. सगळे त्याच्यावर तुटून पडले. खरा राजा साध्या शिपायाच्या कपड्यांत झाडीतून निसटला. पुढे त्याच राजाने तिन्ही राज्यं एक केली.

मी ऐकत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. पन्हाळ्याचा वेढा प्रत्येक मराठी पोराला पाठ असतो. महाराजांचा पोशाख घालून दुसऱ्या पालखीत बसलेला तो मर्द गडी, आणि तिकडे महाराज विशाळगडाच्या वाटेला लागलेले. मी शिनला ते सांगितलं. तो म्हणाला, "पालखीतला माणूस जिवंत राहिला?"

"नाही."

"आमचा पण नाही. डोकं नेलं त्यांनी. राजाने सोन्याचं डोकं करून पुरलं म्हणतात. चोरांनी उकरू नये म्हणून एका ऐवजी तीन ढिगारे केले. अजून आहेत."

दरवर्षी त्यांच्या दहाव्या महिन्यात सगळं घराणं त्या ढिगाऱ्यांपाशी जमतं. दारूचा पहिला पेला ओतून जमिनीला कपाळ लावायचा मान त्यांच्या शाखेतल्या सगळ्यात वडील माणसाचा, म्हणजे शिनचा. कळायला लागल्यापासून त्याने एकही वर्ष चुकवलं नव्हतं, सैन्यात असतानासुद्धा. यंदा त्याची बायपास झाली होती आणि डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं.

"लेक म्हणते, व्हिडिओ कॉलवर कर," शिन म्हणाला. "फोनपुढे डोकं टेकायचं? तो काय समजेल?"

मी तसाच उठलो. घरी आलो, कॅलेंडर बघितलं. त्यांचा दहावा महिना यंदा दिवाळीच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी लागत होता. म्हणजे पाडव्याला. मी परत खाली गेलो आणि शिनला म्हणालो, "यंदा टॉवर बीचा किल्ला कोंगसान. तू मुलूख सांग, मी बांधतो. ढिगाऱ्यापाशी जाता येत नाही तर जिथे तो पडला तिथे टेक डोकं."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "घरी तरी कुठे माहीत आहे, तो कुठल्या ढिगाऱ्यात आहे. रथापाशी तो नक्की होता." आणि पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

इराला पटवणं अवघड गेलं नाही. तिला एकच शंका होती. "सो द किंग रॅन अवे? नॉट फेअर ला." शिनने तिला समजावलं की राजा पळाला नाही, त्याला पळवलं, आणि त्यासाठी सेनापतीला त्याच्याशी भांडावं लागलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग रथ मोठा पाहिजे.

कामाला सुरुवात झाली. या देशात फुकट माती मिळत नाही. कॉन्डोच्या बागेतली दोन घमेली उचलली तर गार्ड अदबीने येऊन उभा राहिला. मग नर्सरीतून मातीची पोती आणली. आमच्याकडे किल्ल्याला तळं लागतंच, पण इथे साचलेलं पाणी दिसलं तर डासांवरून दंड होतो, त्यामुळे तळं निळ्या प्लॅस्टिकचं. डोंगरावर मोहरी पेरली, ती इथल्या दमटपणात दोन दिवसांत अशी तरारली की घोडदळ दिसेना, कात्री घेऊन बसावं लागलं. शिन डोंगराच्या उतारावर फार कटकट करायचा. "इथे चढ जास्त. घोडा चढणार नाही." मी म्हणायचो, "अरे बाबा, प्लॅस्टरचा घोडा आहे, चढेल." तो ऐकायचा नाही. उकरायचा, परत लावायचा. त्याच्या डॉक्टरने जड उचलू नको सांगितलं होतं, म्हणून पोती मी उचलायचो आणि तो सार्जंटसारखा उभा राहून चुका काढायचा. मृणाल ऑफिसमधून आली की वरून बघायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही दोघं किती भांडता." भांडत होतो खरे. इतके मजेचे दिवस मी रिटायर झाल्यापासून बघितले नव्हते.

पुतळ्यांची अडचण आली. सैनिक पुण्याहून आणलेले होते, मावळे, पागोटी घातलेले. ते कोर्योचे, बेक्जेचे म्हणून निळ्या-लाल पट्ट्या रंगवून चालवून घेतले. राजाचा पोशाख घातलेला पुतळा मात्र आमच्याकडे एकच, सिंहासनावरचे महाराज. माझा जीव होईना. महाराजांना शत्रूच्या गराड्यात ठेवायचं? पण पोशाखाचीच तर गोष्ट होती. शेवटी चॉकलेटच्या कागदाची सोनेरी चांदी त्यांच्या अंगावर चिकटवली, मनातल्या मनात माफी मागितली आणि त्यांना रथात बसवलं. चारी बाजूंनी बेक्जेचे भालेवाले. आणि खरा राजा म्हणून एक कानाचा टवका उडालेला मावळा खाली मोहरीत लपवला. डोंगराचा माथा रिकामा. दिवाळीच्या किल्ल्यावर माथ्यावर कुणी नाही, असं मी जन्मात केलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मॉडेल पुरं झालं. मी काठी घेऊन टॉवर बीच्या पोरांना रीतसर ब्रीफिंग दिलं. उत्तर इकडे, शत्रू इथे, आपण इथे, मिशन एकच, राजा बाहेर काढणे. शिन रथाच्या समोर गुडघ्यावर बसून बघत होता. म्हणाला, "उद्या सकाळी, लोक यायच्या आधी."

पाडव्याला सकाळी मी दाढी-आंघोळ उरकून, मेडल लावलेला कोट घालून खाली आलो. शिन लिफ्टमधून बाहेर आला तो काळ्या सुटात. हातात ट्रे. ट्रेमध्ये नासपती, खजुरासारखी सुकी फळं, एक अख्खा सुका मासा आणि तांदळाची दारू, दिसायला थेट ताक. मागून इरा परकर-पोलक्यात, अर्धी झोपेत. आम्ही तिघं शेडकडे निघालो.

किल्ल्यापाशी जोगळेकर काकू उभ्या होत्या. नऊवारी, नथ, हातात झेंडूची परडी. शत्रूच्या गोटातला माणूस आपल्या हद्दीत बघून मी आधी सावध झालो. मग माझी नजर रथावर गेली.

रथ रिकामा होता.

भालेवाले जागच्या जागी, सगळे भाले रथावर रोखलेले, आणि आत कुणी नाही. महाराज डोंगराच्या माथ्यावर बसले होते. सोनेरी चांदी तशीच. पुढे झेंडूचं फूल, हळद-कुंकू आणि एक पणती.

"सुभेदारसाहेब, रागावू नका हं," काकू म्हणाल्या. "मी आपली बघायला आले होते, तुम्ही यंदा काय केलंय ते. बघते तर काय, महाराज खाली, आणि चहूबाजूंनी गनीम. ऐन दिवाळीत. पोरांनी चुकून ठेवले असतील म्हटलं. माझ्याच्याने बघवेना हो. उचलले आणि वर नेऊन बसवले."

ती बाई चुकली नव्हती. तिच्या जागी कुठल्याही मराठी माणसाने हेच केलं असतं. पण शिन तिथे ट्रे धरून उभा होता. रथ पाहिजे म्हणून तो पंधरवडाभर उतार मोजत होता, आणि आज रथात त्याचा माणूसच नव्हता. मी पुढे झालो. म्हटलं, "शिन, एक मिनिट. मी परत ठेवतो खाली."

"थांब," तो म्हणाला.

तो किल्ल्याजवळ गेला. रथ बघितला, माथा बघितला, परत रथ बघितला. चेहऱ्यावरून काही कळेना. सार्जंट लोकांचा चेहरा तसाच असतो. मग त्याने मला विचारलं, "ही बाई कोण?"

"टॉवर सी."

"शत्रू?"

"तसंच काहीसं."

"तिने त्याला का उचललं?"

मी सांगितलं. तिला वाटलं तो आमचा राजा आहे. राजाला गराड्यात ठेवून तिला जाववेना. म्हणून वर नेलं.

शिन हसायला लागला. आधी आवाज नाही, नुसते खांदे. मग मोठ्याने, इतका की मला त्याच्या बायपासची भीती वाटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

"अकराशे वर्षं," तो म्हणाला. "आमचं अख्खं घराणं दरवर्षी जातं. रडतं, दारू ओततं, परत येतं. त्याला बाहेर काढायला कुणी गेलं नाही. ही बाई गेली." मग काकूंकडे वळून त्याने कमरेतून वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "तो राहू दे तिथे. मी वर बघून करतो."

मी काकूंना सगळी कथा सांगितली. पालखी म्हटल्याबरोबर त्यांना कळलं. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. माशाकडे त्यांनी एकदा बघितलं, नाक जरा मुरडलं आणि म्हणाल्या, "असू दे. त्यांचा नैवेद्य आहे." आणि आपल्या डब्यातल्या चकल्या काढून माशाच्या शेजारी ठेवल्या. पांढऱ्या दारूला त्या ताक समजल्या. मीही खुलासा केला नाही.

शिनने पेला भरला, दोन्ही हातांनी धरला, पुढे ठेवला. मग गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. दोनदा. उठताना मी हात दिला नाही, कारण तो त्याने घेतला नसता. उठला तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी पासिंग आउट परेडमधल्या पोरांच्या बापांच्या तोंडावर बघितलेलं आहे.

मला वाटलं झालं. पण त्याने दुसरा पेला भरला आणि एक मावळा उचलून माझ्यासमोर धरला.

"तुझा कोण?" तो म्हणाला.

"कसला माझा?"

"प्रत्येक म्हाताऱ्या सार्जंटचा एक असतो."

मी घरी कधी बोललो नव्हतो. मुलालाही अर्धवटच माहीत होतं. त्या शेडखाली, झेंडूच्या वासात, मी सांगितलं.

तेव्हा मी हवालदार होतो. सरहद्दीवर, हिवाळा. आम्ही आठ जण पेट्रोलिंगवरून परत येत होतो. सकाळची वेळ. नाल्यात उतरलो आणि वरून फायर आला. दोन्ही बाजूंनी. रेडिओ सेट माझ्या पाठीवर होता, कारण ऑपरेटर पाय घसरून जायबंदी झाला होता. शत्रू आधी अँटेनावर नेम धरतो. अँटेना जिथे, तिथे कमांडर, हा हिशोब. नाईक तुकाराम शेलार सरपटत माझ्याकडे आला.

"उस्ताद, सेट द्या."

"खाली राहा."

"वाट तुम्हाला माहीत आहे. मला नाही. सेट द्या."

बोलेपर्यंत त्याने पट्टे सोडवले होते. सेट पाठीला लावला, अँटेना पूर्ण वर काढली आणि उजव्या काठाने चढायला लागला, उघड्यावर. सगळा फायर तिकडे वळला. मी बाकीच्यांना घेऊन नाल्यातून बाहेर पडलो. पोस्टवर त्याचा शेवटचा मेसेज ऐकला गेला. "पार्टी निघाली. फायर माझ्यावर आहे. ठीक आहे. ओव्हर." पोस्टने उत्तर दिलं. खूप वेळ देत राहिले.

मी हे काकूंसाठी मराठीत सांगितलं आणि शिनसाठी माझ्या मोडक्या इंग्रजीत. इरा सगळं ऐकत होती. ती मराठीत म्हणाली, "आजोबा, तो अजून तिथेच आहे का?"

शिनने धरलेला मावळा मी हातात घेतला. काकूंनी तो माझ्या हातातून घेतला.

"भाऊ, यांनाही वर घ्यायचं ना?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्याला डोंगराच्या माथ्यावर, सोनेरी सेनापतीच्या शेजारी नेऊन ठेवलं. पुढे एक फूल. शेलारला काठावरून खाली आणायला त्या संध्याकाळी आम्ही चौघं लागलो होतो. काकूंना दोन बोटं पुरली.

शिनने विचारलं, "रँक? नाव?"

"नाईक तुकाराम शेलार. तालुका पाटण, जिल्हा सातारा."

त्याने ते जमेल तसं म्हटलं, पेला ठेवला आणि त्याच्यापुढेही कपाळ टेकलं. मी सॅल्यूट केला.

परीक्षकांनी आम्हाला दुसरा नंबर दिला. म्हणाले, माती उत्तम, पण लढाईत रथ रिकामा आहे. टॉवर सीला तिसरा मिळाला, त्यावर जोगळेकर काकू परीक्षकांशी भांडल्या, टॉवर सीसाठी नव्हे, आमच्या रथासाठी. चकल्या संपल्या, ताकही संपलं.

किल्ला आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवला. मी सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन बघायचो. खाली भाले तसेच रोखलेले होते. वर नाईक तुकाराम शेलार बसल्या जागेवरून सगळा मुलूख बघत होता, आणि तिथे फायर येत नव्हता.